अंधारखोलीचं लाईट बिल

तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं लाईट बिल आज आलं. बोर्डाचा माणूस एरवी तुमच्याशी चार गोष्टी बोलल्याशिवाय हलायचा नाही. आज त्यानं कागद उंबऱ्यावर ठेवला अन् मान खाली घालून गेला. मी चष्मा लावून आकडा पाहिला. परत पाहिला. सुमन पाथरीहून आलेलीच आहे, तिला म्हटलं, "बघ गं, एखादा आकडा छापायचा राहिला की काय." ती म्हणाली, "न्हाई आई, बरोबर हाय. गारव्याची मशीन बंद हाय ना आता."

घ्या! ज्या बिलासाठी मी आठ उन्हाळे तुमच्याशी भांडले, ते मिळालं एकदाचं. एवढंसं. आता ते कुणाच्या नाकापुढं नाचवू? तुम्ही असता तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असता, "आण बघू इकडं." मी पदराचा बोळा तोंडात धरून रडले. सुमनला वाटलं, आईला काहीतरी जुनं आठवलं. तिला काय सांगायचं? मी बिल बघूनच रडत होते.

सगळा बाजार तुम्हाला अप्पा म्हणायचा अन् मी नुसतं अहो. पुढं रस्त्यावर आपला फोटो स्टुडिओ, मागं दोन खोल्यांत संसार, अन् दोन्हींच्या मधे ती पत्र्याची अंधारखोली, जिथं तुम्ही फोटो धुवायचा. निम्मा जन्म तुम्ही तिथं लाल दिव्याखाली काढलात. मीही त्याच धंद्यातली. धुऊन वाळलेल्या फोटोला रंग मी भरायची, नवरीच्या शालूला, कुंकवाला, ओठाला. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं तेही मीच, कारण तुमचं अक्षर तुम्हाला तरी वाचता यायचं की नाही, देव जाणे.

मशीन यायच्या आधी उन्हाळाभर औषध तापू नये म्हणून तुम्ही बर्फावर फोटो धुवायचा, आठवतं? सकाळी बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेली लादी यायची, पोत्यातून पाणी गळत गळत. मोठ्या घमेल्यात बर्फ, त्यात औषधाचं भांडं, अन् तुम्ही बोट बुडवून अंदाज घेणार. एकदा बर्फाचं पाणी औषधात उतरलं अन् त्या वसमतच्या लग्नाचे सगळे फोटो असे निघाले की नवरा कुठला अन् करवली कुठली कळेना. नवरीचा बाप काउंटरवर फोटो पसरून म्हणाला, "अप्पा, ह्याच्यात आमी कोन हावोत तेवढं दाखवा." मी आत हसून हसून लोळत होते. तुम्ही मात्र हसला नाहीत. त्याच आठवड्यात हैदराबादला गेलात अन् कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतली जुन्या एअरकंडिशनच्या मशीनचा सौदा करून आलात. मला विचारलंसुद्धा नाही.

रेल्वेच्या पार्सलनं ती आली. हातगाड्यावरून उतरवताना अख्खी गल्ली गोळा झाली. "अप्पा, आता तुमची मज्जा हाय, साहेबावानी गारव्यात झोपताव," असं जो तो म्हणायला लागला. तुम्ही नुसते मान हलवत होतात. मलाही वाटलं होतं हो, खोटं कशाला सांगू? वैशाखात पत्र्याखाली भाजून निघणारी बाई मी. वाटलं, चला, देवाला दया आली.

अन् तुम्ही ती बसवलीत कुठं, तर अंधारखोलीत! जिथं बसायला जागा नाही, खिडकी नाही, माणूस आडवा झाला तर पाय दारात येतील, तिथं. फिल्मांसाठी. शिवाय तिचं मागचं तोंड काढलंत ते माझ्या परसात, स्वयंपाकघराच्या दाराशी. पहिल्या दिवशी मशीन सुरू झाली अन् माझ्या अंगावर भट्टीसारखा वारा आला. मी तशीच पुढं दुकानात आले, गिऱ्हाईक होतं तरी. म्हटलं, "तुमच्या फिल्मा गारव्यात अन् मी फुफाट्यात?" तुम्ही एकदम थंडपणे म्हणालात, "फिल्मला घाम पुसता येत न्हाई. तुला येतो."

ह्यावर मी दोन दिवस तुम्हाला अळणी भाजी वाढली. तुम्ही तीही न बोलता खाल्लीत, अन् तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ पडलं तेव्हा "आज छान झालीय" म्हणालात. असा माणूस भांडायला तरी कसा घ्यावा!

पण खरं भांडण बिलाचं. पहिल्या महिन्याचं बिल आलं अन् माझ्या हातातला तांब्या खाली पडला. दुकानाचा दर घरापेक्षा जबर, त्यात ती जुनी मशीन, तिला सुरू व्हायलाच निम्म्या गल्लीची वीज लागायची. ती धडधडली की आपले दिवे पिवळे पडायचे, शेजारच्या शिंप्याचा पंखा हळू व्हायचा, अन् तो भिंतीवर थापटी मारायचा. मी मीटरपुढं उभी राहून त्याच्यातली चकती बघायची. सुमन म्हणायची, आई मीटरची पूजा करायली. मी म्हणायची, उन्हाळ्यात बर्फ काय वाईट होता? तुम्ही म्हणायचा, बर्फ अंदाजाचा, मशीन भरवशाची. मी म्हणायची, भरवसा बोर्डाला विकला तुम्ही. दर उन्हाळ्यात तेच भांडण, तेच शब्द. आता कळतं, मला त्या भांडणाची सवय लागली होती. ते नसतं तर आपण दोघं इतकं बोललोच नसतो.

एक दुपार मी अजून कुणाला सांगितली नाही. सुमन शाळेत होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "चल, धा मिनिटं बस गारव्यात." मी म्हटलं, कशाला, उगं. तुम्ही हात धरून नेलंत. औषधाच्या खोक्यावर मी अन् उलट्या बादलीवर तुम्ही, लाल दिवा, वर दोरीला टांगलेल्या लोकांच्या ओल्या फिल्मा. मी बोलायला लागले तर म्हणालात, "हळू बोल, फिल्म दचकते." इतकं हसू आलं मला! लग्नाला सोळा वर्षं झालेली, तरी लाजले. माझं निम्मं लक्ष मीटरच्या चकतीकडं होतं हेही खरं. आता वाटतं, बाई, त्या दहा मिनिटांत तरी तो मीटर डोक्यातून काढायचा होतास.

आता ते सांगते, जे सांगायला सहा वर्षं लावली.

मशीनचा खटका माझ्या स्वयंपाकघरात होता, कारण जाड वायर परसातून आली होती. तुम्ही फिल्म धुऊन टांगायचा, मशीन चालू ठेवून अंधारखोलीला कडी घालायचा, जेवायचा अन् तासभर आडवे व्हायचा. तुमचं घोरणं सुरू झालं की मी खटका खाली करायची. अर्धा तास, फार तर पाऊण. खोली तेवढा वेळ गार राहायची. तुम्ही कूस बदललीत की खटका वर. दोन उन्हाळे केलं मी हे. बिल थोडं उतरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघ, मशीन आता रुळली." मी गालातल्या गालात हसले. माझं मला लय कौतुक वाटायचं.

दुष्काळाच्या पुढचा उन्हाळा. पिंगळीचे गुरुजी त्यांच्या आईला घेऊन आले. शाळेतल्या पोरांचे फोटो दरसाल तुमच्याकडूनच काढून घेणारे गुरुजी, सरळ माणूस, आल्यावर "जयभीम अप्पा" अन् जाताना "येतो अप्पा". आईचा जन्मात एकही फोटो नव्हता. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली ती बाई स्टुलावर बसली अन् तुम्हाला विचारायला लागली, "हासू का नगं हासू?" तुम्ही म्हणालात, "माय, तुमाला वाटंल तसं." मग ती हसली. दात नव्हते, पण चेहरा नुसता उजळला. उठताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, हे लुगडं इटलंय. तू रंग देती म्हने. निळं करशील का? निळंभोर." मी म्हटलं, "करते की आजी."

त्या दुपारी तुम्ही फिल्म धुतलीत, टांगलीत, जेवून झोपलात. मी खटका खाली केला. अन् नेमक्या त्याच वेळी माझा कुरडयांचा चीक शिजून झाला. गल्लीतल्या चौघी साचे घेऊन परसात बसलेल्या. तुम्हाला माहीत आहे, चीक गरम असतानाच घालावा लागतो, हात काढता येत नाही. मशीन बंद म्हणून परसात जरा बरं वाटत होतं, त्यावरूनही आम्ही हसलो. गप्पांत किती वेळ गेला कळलंच नाही. तुमच्या खाकरण्याचा आवाज आला तेव्हा मी चिकाच्या हातानं धावत जाऊन खटका वर केला.

ओल्या फिल्मवरचं चित्र साईसारखं असतं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. गारव्यात धरून राहतं, उष्म्यात सुटतं. त्या बंद खोलीत, पत्र्याखाली, सगळं घसरून फिल्मच्या खालच्या टोकाला गोळा झालं होतं. तुम्ही ती पट्टी हातात धरून स्वयंपाकघरात आलात. नुसती काचेसारखी आरपार पट्टी. मला म्हणालात, "अगं, लाईट गेली होती का?"

मी म्हटलं, "हो. गेली होती."

एवढंच बोलले. हाताला चीक तसाच होता.

फिल्मवरच्या बाकीच्यांना तुम्ही परत बोलावून फुकट फोटो काढून दिले. गुरुजींना सांगितलंत, आईला परत आणा. ते म्हणाले, पेरणी झाली की आणतो. पेरणी झाली, अन् आईच गेली. दोन दिवसाच्या तापात.

मग ते आले तो दिवस. हातात रिकामी फ्रेम होती, आधीच घेऊन ठेवलेली. मी पडद्यामागं होते. मला वाटलं, आता तुम्ही सांगाल, लाईट गेली होती हो गुरुजी, आमचा इलाज नव्हता. पण तुमचं ते एक तत्त्व, गिऱ्हाइकाला विजेचं कारण सांगायचं नाही. खोली आपली, मशीन आपली, जिम्मेदारी आपली. तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय, गुरुजी."

गुरुजींनी रिकामी फ्रेम काउंटरवर ठेवली. मग म्हणाले, "अप्पा, मोंढ्यातल्या आडत्याच्या मायचा फोटो आसा बिघडला आसता का? आमच्या मायचा व्हता म्हणून पडला न्हवं कुठंतरी बाजूला?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई, गुरुजी. तसं न्हाई." ते फ्रेम घेऊन उतरले अन् परत कधी आपल्या पायरीवर चढले नाहीत. शाळेचे फोटो दुसरीकडं जायला लागले.

त्या संध्याकाळी तुम्ही भाकरी मोडलीत अन् तशीच ठेवलीत. म्हणालात, "गुरुजी नुसतं चुकलात म्हणाले आसते, भांडायला आले आसते, मी ऐकून घेतलं आसतं. पण मी तसला माणूस हाय का गं?" मी म्हटलं, "नाही हो, तुम्ही कसले." माझ्या तोंडात आलं होतं सगळं. तव्यावरची भाकरी उलटली अन् गिळून टाकलं. तुमची भीती नव्हती मला. तुम्ही कधी हात उचलला नाहीत, आवाजसुद्धा नाही. भीती कशाची होती सांगू? इतकी वर्षं मी बिलावरून तुम्हाला टोचत होते, अन् त्या भांडणात माझीच बाजू खरी असं मला वाटायचं. ते खोटं पडलं असतं. एवढ्यासाठी, बघा. एवढ्या फडतूस गोष्टीसाठी मी तुम्हाला त्या शब्दांखाली राहू दिलं.

अन् पुढं काय झालं! लाईटीचा भरवसा नाही म्हणून तुम्ही मशीन सकाळपासूनच लावायला लागलात, खोलीत फिल्म असो नसो. "गार धरून ठेवलेलं बरं, परत घात व्हायला नको." बिल दुप्पट यायला लागलं. मी हूं का चूं केलं नाही. आलेलं बिल मुकाट्यानं देवळीत ठेवायची. एकदा तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "आता तुला माझा धंदा समजायला लागला." किती मायेनं म्हणालात! त्या दिवशी मी परसात जाऊन मशीनच्या गरम वाऱ्यात मुद्दाम उभी राहिले.

गुरुजी बाजारात यायचे. आपल्या दुकानापुढून जाताना मान पलीकडं वळवायचे. तुम्ही हातातलं काम थांबवून ते दिसेनासे होईपर्यंत बघायचा. तुम्हाला वाटायचं, माझं लक्ष नाही. सहा वर्षं, प्रत्येक वेळी माझं लक्ष होतं.

तुम्हाला रुद्रभूमीत समाधी दिली त्या दिवशी अर्धी परभणी आली होती. मी गर्दीत एकच तोंड शोधत होते. ते नव्हतं. तेव्हा ठरवलं. तुमच्या हयातीत जमलं नाही, निदान तुमचं नाव तरी ह्या माणसापुढं धुऊन काढायचं. पंधरा दिवस झाल्यावर सुमनला सांगितलं, पिंगळीला जाऊन येते. ती म्हणाली, "आत्ता? कुणाकडं?" मी म्हटलं, "तुझ्या अप्पांचं काम राहिलंय." पॅसेंजरनं एक स्टेशन. स्टेशनपासून चालत गेले. चपलेतून चटके बसत होते अन् मला बरं वाटत होतं.

गुरुजी ओसरीत वह्या तपासत होते. मला बघून उठून उभे राहिले. "अक्का, कानावर आलं. यावं का न्हाई, कळंना मला." त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. मी पाणी प्याले नाही, आधी सांगितलं. खटका, घोरणं, कुरडया, सगळं. माझी लाईट गेल्याची थाप. तुम्हाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं तेही. म्हटलं, "त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं, गुरुजी. तुमच्या आईच्या फोटोची माती मी केली. बोलायचं ते मला बोला."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खाली बसले. हातातली लाल पेन्सिल वहीवर ठेवली. म्हणाले, "सहा वर्सं मी त्येंच्या दुकानापुढून मान फिरवून गेलो, अक्का. शाळेत, गावात, चार लोकांत सांगितलं, आप्पाबी शेवटी तसलेच निघाले. आता त्याचं मी काय करू?"

मी तुमच्यावरचं ओझं उतरवायला गेले होते, अन् ते एका भल्या माणसाच्या डोक्यावर ठेवून आले. येताना गाडीत तेच मनात येत राहिलं. वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं का? नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्हीही नाहीच म्हणाला असता.

परवा रविवारी दुपारी गुरुजी आले. सहा वर्षांनी आपली पायरी चढले. आत बसले नाहीत. म्हणाले, "अक्का, आप्पाला कुठं ठेवलंय, दाखवता का?" मी चप्पल घातली. रुद्रभूमीत ऊन मी म्हणत होतं. तुमची माती अजून नवी दिसते, सुमन रोज सकाळी पाणी घालते, पण दुपारपर्यंत वाळून जाते. गुरुजींनी टोपी काढली, तुमच्या समोर येऊन उभे राहिले अन् मोठ्यानं, वर्गात बोलावं तसं म्हणाले, "आप्पा, मी तुमाला लय वंगाळ बोललो. गावातबी बोललो. तुमी तसले न्हवता. आता जिथं बोललो तिथं तिथं जाऊन हेच सांगतो."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझी पाळी होती. परक्यासमोर मी तुमच्याशी कधी बोलले का हो? दुकानात गिऱ्हाईक असलं तर बांगडी वाजवायची, तेवढीच माझी हाक. गुरुजींच्या ध्यानात आलं असावं. ते लिंबाखाली जाऊन पाठ करून उभे राहिले.

मी खाली बसले. मातीवर हात ठेवला. लय तापली होती.

"अहो," मी म्हटलं, "लाईट गेली नव्हती."